स्टर्जिसबाईंचा निधी आणि प्राउटींचा मेपल

या प्रकरणात एमेट प्राउटी यांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी सांगून टाकलेलं बरं. एक खुर्ची. पिटकिन हिल स्कूलच्या विश्वस्त मंडळातली. पगार शून्य, भत्ता शून्य, वर्षातून चार बैठका आणि प्रत्येक बैठकीला उकडलेल्या कोंबडीचं जेवण. पण शाळेच्या पत्रावर डाव्या समासात नाव छापून येणार, आणि गाडी लावायला ध्वजस्तंभाशेजारी राखीव जागा मिळणार. सध्या मुलीला शाळेत सोडताना एमेट गाडी लावत ती व्यायामशाळेच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांपलीकडे. शिवाय त्यांचा मेहुणा कर्टिस शेजारच्या गावात ग्रंथालयाचा विश्वस्त होता. दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणात टर्कीला सुरी लागायच्या आत तो ही गोष्ट एकदा तरी सांगून घेई. सहा वर्षं एमेटनी ती टर्कीबरोबर गिळली होती.

एमेट एका विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करत. लोकांचं जेवढं नुकसान झालंय असं त्यांना वाटतं, त्यापेक्षा ते बरंच कमी आहे हे त्यांना सौम्य आवाजात पटवून देणं, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. त्यामुळे माणूस हिशेबाला पक्का, अशी नॉर्थ हेब्रन गावात त्यांची ख्याती होती. त्या ख्यातीनेच त्यांचा घात केला.

झालं असं की, शाळेच्या मुख्याध्यापिका मिस विनिफ्रेड स्टर्जिस एकोणतीस वर्षांनी निवृत्त झाल्या. बाईंचं वर्णन काय करावं? आलेल्या पाकिटांच्या पाठीवर त्या टिपणं काढत. शाळेची पितळी घंटा स्वतः हाताने वाजवत. गावातल्या कपडे धुण्याच्या दुकानात संगणक आला, त्यानंतर चार वर्षांनी बाईंच्या शाळेत आला, आणि तोही त्यांनी दोन महिने खोक्यातच ठेवला होता. घाई नको म्हणून. अशा बाईंचा सत्कार कसा करायचा? मॅसॅच्युसेट्समध्ये निवृत्त शिक्षकाला शाळेची मुद्रा असलेली काळी लाकडी खुर्ची देण्याचा रिवाज आहे. पण ती बाईंना पंचविसाव्या वर्षीच देऊन झाली होती आणि बाई तिच्यावर जुनी वर्तमानपत्रं ठेवत. ‘आवारात एखादं बाक ठेवा, बसायला होईल,’ असं बाई स्वतःच म्हणाल्या. पण बाकावर भागलं असतं तर विश्वस्त मंडळ कशाला हवं?

मंडळाने बॉस्टनहून एक सल्लागार बोलावला. त्याने दोन दिवस शाळा पाहिली, मफिन खाल्ले आणि सहा हजार डॉलर घेऊन सांगितलं, की गळक्या छपरासाठी लोक पैसे देत नाहीत, हुशार गरीब मुलांसाठी थोडेफार देतात, पण नवोपक्रमासाठी देतात. झालं. ‘मिस विनिफ्रेड स्टर्जिस नवोपक्रम निधी’ जन्माला आला. मुद्दलाला हात लावायचा नाही, दरवर्षी चार टक्के काढायचे आणि त्यातून नवोपक्रम करायचा, बाईंच्या नावाने, जन्मभर.

बाईंना हे सांगायला मंडळाच्या अध्यक्षा घरी गेल्या. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “नवोपक्रम म्हणजे करायचं काय?” अध्यक्षा म्हणाल्या, ते निधी जमल्यावर ठरवू. त्यावर बाई म्हणाल्या, की एकोणतीस वर्षं त्या मुलांना नेमकं याच्या उलट शिकवत आल्या. आणि चहा ओतला.

मग आले टिलिंगहास्ट. रॉस्को टिलिंगहास्ट हे शाळेचे माजी विद्यार्थी. कॉफीच्या कागदी पेल्यांवर जी प्लॅस्टिकची झाकणं बसतात, ती बनवून गडगंज झालेले. सोळाव्या वर्षी हे गृहस्थ आपल्या शाळेतल्या कपाटातून सोड्याचे डबे दुप्पट भावाने विकत. बाईंनी पकडलं. शिक्षा म्हणून एकसष्ट गिऱ्हाइकांकडे एकेक करून जायला लावलं, प्रत्येकाचे पैसे परत आणि प्रत्येकाची पोच म्हणून सही. साठ सह्या आणल्या तेव्हा बाईंनी त्यांना एका सहीसाठी गोवर झालेल्या मुलाच्या खिडकीखाली पाठवलं होतं. ती आठवण टिलिंगहास्टनी मनात जपली होती; प्रेमाने की दुसऱ्या कशाने, ते कळायला मार्ग नाही. त्यांचं पत्र आलं: पन्नास हजार डॉलर देतो. अट एकच. शाळेत मूल असलेल्या प्रत्येक घराने, १४३च्या १४३ घरांनी, निदान एक डॉलर दिला पाहिजे आणि कार्डावर स्वहस्ते सही केली पाहिजे. मुदत जूनच्या पहिल्या शनिवारी, संस्थापक दिनी दुपारी बारापर्यंत. मोजणी बाई करतील. एक सही कमी पडली तर एक डॉलरही नाही.

अध्यक्षा एमेटना कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, “जूनमध्ये एक जागा रिकामी होतेय, एमेट. तुमच्यासारखी माणसं जर…” आणि त्यांना कोणीतरी हाक मारली. ते अर्धं वाक्य एमेटनी सबंध हिवाळाभर स्वतःच पूर्ण केलं, दर खेपेला थोडं अधिक चांगलं.

तर एमेट निधी समितीचे प्रमुख झाले. समितीत दुसरं माणूस म्हणजे शाळेच्या देणगी विभागातली ब्रूक हॅनरहन. मुलगी उत्साही, कामाला चोख आणि नियमाला त्याहून चोख. तिची पद्धत अशी, की कोणी कोणाकडे मागायला जायचं त्याची यादी करायची. मागणाऱ्याचं नाव वर, खाली त्याची घरं. एमेट म्हणाले, सगळी घरं माझ्याच नावावर टाक, मी एकटा बघतो. तिने टाकली. तीन पानी यादी छापून निघाली, वर ठळक अक्षरांत ‘मागणारे: प्राउटी’. एमेटना ते शीर्षक फारसं आवडलं नाही, पण त्यांनी यादी खिशात घातली.

शेजारी वॉल्ट स्किबिन्स्की. वय बहात्तर, गावचे निवृत्त पोस्टमास्तर. विधुर माणूस, नात जोसी हिला सांभाळायचे आणि ती याच शाळेत आठवीत होती. परसात त्यांचा, कोवळ्या कोंबांची भाजी होते त्या शतावरीचा वाफा होता, आणि वाफा व एमेटचं घर यांच्यामध्ये एक कुंपण. त्या कुंपणावर कोपर टेकून वॉल्ट सल्ला देत. पत्रं पाठवू नकोस, म्हणाले, लोकांना पत्र आलं की आधी ते कचऱ्यात कसं टाकायचं एवढंच सुचतं. मी एकतीस वर्षं बघितलंय. जेवण घाल. म्हणून एमेटनी चर्चच्या तळघरात पोलिश सॉसेज आणि कोबीचं जेवण घातलं. खर्च ४१२ डॉलर, जमा ३८८. मग वॉल्ट म्हणाले, सोडत काढ, पहिलं बक्षीस डुकराच्या मांडीचा एक अख्खा हॅम. सोडतीला नगरपालिकेचा परवाना लागतो. परवान्याची बाई मंगळवारी आणि गुरुवारी बसते, तिला अर्जावर पोलीसप्रमुखाची सही लागते, आणि पोलीसप्रमुखाचे दोन मुलगे याच शाळेत. त्याचा डॉलर अजून आलेला नव्हता. एकाच माणसाकडे एका हाताने परवाना आणि दुसऱ्या हाताने डॉलर कसा मागायचा, या पेचात एमेट तीन गुरुवार तिथल्या बाकड्यावर बसून परत आले. शेवटी तो हॅम घरी आणून त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, लॉर्नाने, एप्रिलभर खाल्ला.

डॉलर येऊ लागले, पण त्यातही गंमत होती. ब्रूक प्रत्येक देणगीला हाताने लिहिलेलं आभारपत्र पाठवी, पावती वेगळी. कागद, पाकीट, तिकीट आणि ब्रूकचा वेळ धरला तर एका डॉलरचे आभार मानायला शाळेला एक डॉलर नव्वद सेंट पडत. एमेटनी हे तिच्या नजरेला आणून दिलं तेव्हा ती म्हणाली, “पण मिस्टर प्राउटी, संबंध जुळतात.”

आणि हल्ली रोख कोणाकडे असते? एमेट दारात कार्ड पुढे करत, लोक हसून सही करत, मग खिसे चाचपत आणि म्हणत, तुम्ही सध्या घाला, मी देतो. असे एमेटनी सतरा घरांचे सतरा डॉलर घातले. त्यातल्या एकाही घरातून डॉलर परत आला नाही. त्यातलं एक घर तळ्याकाठी होतं आणि धक्क्याला दोन बोटी बांधलेल्या होत्या. एक डॉलर परत मागायला एमेटना लाज वाटे, न द्यायला त्यांना वाटत नसावी.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात यादीतल्या सगळ्या नावांपुढे खूण झाली. राहिलं एक: स्किबिन्स्की. ते एमेटनी शेवटी ठेवलं होतं, कारण ते गृहीतच होतं. चार महिने सल्ले देणारा माणूस डॉलर देणार नाही?

संध्याकाळी ते कार्ड घेऊन कुंपणाशी गेले. वॉल्ट शतावरी कापत होते.

“वॉल्ट, तुमचंच तेवढं राहिलंय बघा. एक डॉलर आणि एक सही.”

“डॉलरचं काही नाही रे. सहीचं अवघड आहे. वाचल्याशिवाय मी सही करत नाही.” वॉल्टनी चष्मा लावून कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं. “नवोपक्रम म्हणजे काय?”

“शाळेत आजवर कधी झालं नाही असं काहीतरी.”

“व्यायामशाळेचं छप्पर आजवर कधी दुरुस्त झालं नाही. ते करणार?”

“ते यात बसत नाही.”

“बरं.” वॉल्टनी चष्मा काढला आणि मान वर केली. एमेटच्या परसातला मेपल दोन्ही घरांवर पसरला होता. “मला विचारशील तर, माझ्या वाफ्यावर दुपारी दोननंतर ऊन पडणं, हा या गल्लीतला मोठा नवोपक्रम होईल. बावीस वर्षं मागतोय मी तुझ्याकडे.”

एमेटना वाटलं म्हातारा थट्टा करतोय. वॉल्टनी कार्ड घडी करून परत दिलं, आणि ती घडी पोस्टमास्तरची होती, धारदार.

मेपल म्हणजे एमेटचा जीव की प्राण. झाड नव्वद वर्षांचं. दर मार्चमध्ये ते त्याला दोन बादल्या टांगत, रस गोळा करत आणि स्वयंपाकघरात चार रविवार आटवत. चाळीस मापं रसाचा एक माप पाक होतो. त्या वाफेने भिंतीचा कागद सुटून आला होता, आणि लॉर्नाच्या हिशेबाने त्या पाकाला दुकानातल्या पाकाच्या तिप्पट गॅस लागे. पण बाटल्या निघत तीन, आणि त्यांतली एक कर्टिसला थँक्सगिव्हिंगला भेट मिळे. ग्रंथालयाच्या विश्वस्ताला स्वतःचा मेपल नव्हता. एमेटचं तेवढंच एक पान वरचढ होतं.

तीन दिवस एमेट झाडाखाली येरझारा घालत होते. चौथ्या दिवशी त्यांनी लॉर्नाला सांगितलं.

“एका डॉलरसाठी झाड पाडतोस?” ती म्हणाली.

“एका डॉलरसाठी नाही. पन्नास हजारांसाठी.”

“ते तुला मिळणार आहेत?”

“शाळेला मिळणार आहेत. बाईंच्या नावाने.”

“खुर्चीसाठी पाडतोय असं म्हण ना. निदान लाकडाचा लाकडाशी संबंध तरी लागेल.”

एमेट झाड तोडणाऱ्यांना फोन लावायला उठले. सौम्य आवाजात पटवून देण्यासारखं त्यात काही नव्हतं.

झाड तोडणाऱ्यांनी जागा मोजली आणि सांगितलं, बुंधा चौदा इंच शेजाऱ्याच्या हद्दीत आहे, तेव्हा दोन्ही मालकांच्या सह्या लागतील. तो चारपानी कागद वॉल्टनी चष्मा न लावता सही करून दिला. काम झालं दीड दिवसात, पैसे पडले १,८५०. दुसऱ्या दिवशी सकाळी एक जाड फांदी दोर निसटून एमेटच्याच ओसरीच्या छपरावर आली. दुरुस्ती ७४० डॉलर. एमेटनी आपल्याच कंपनीत अर्ज केला. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं: मालकाने स्वेच्छेने पाडलेल्या झाडामुळे झालेलं नुकसान विम्यात बसत नाही. वाक्य मोठं गोळीबंद होतं. एमेटनीच ते अकरा वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं.

ओंडके उचलून न्यायला माणसं आणखी तीनशे मागत होती. वॉल्ट म्हणाले, राहू दे, मी लावतो त्यांची वाट, शेजारी कशासाठी असतो. आणि कार्ड मागून घेऊन कुंपणावरून परत दिलं, सही आणि एका डॉलरसह. एमेटना त्या क्षणी वॉल्टबद्दल कृतज्ञता वाटली, यावरून त्यांच्या मनाची अवस्था लक्षात यावी.

संस्थापक दिनाला हवा सुरेख होती. हिरवळीवर पांढरा मांडव, लिंबाचं सरबत, रूबार्बच्या आंबट देठांची पेस्ट्री. एमेटनी निळा कोट घातला होता. टिलिंगहास्ट पहिल्या रांगेत पाय पसरून बसले होते. साडेअकराला ब्रूकने कार्डांनी भरलेला बुटांचा खोका बाईंसमोर ठेवला. बाईंनी कार्डं मोजली. पुन्हा मोजली. मग आपल्या पिशवीतून शाळेचं हजेरीपत्रक काढलं, कारण बाई ब्रूकच्या यादीवर काय, बॉस्टनच्या सल्लागारावरही विसंबणाऱ्या नव्हत्या.

“एकशे बेचाळीस आहेत,” बाई म्हणाल्या. “एक घर नाही. मी नावं घेते.”

एमेट गालात हसले. तीन पानी यादी, प्रत्येक नावापुढे खूण. बाईंचं वय झालं, दुसरं काय. बाई वाचत गेल्या, ब्रूक कार्डं काढून देत गेली. पीबडी झाले, पिल्सबरी झाले.

“प्राउटी.”

ब्रूकचा हात खोक्यात तसाच राहिला.

“हजर,” एमेट म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

“हजर आहात ते दिसतंय, मिस्टर प्राउटी. कार्ड कुठे आहे?”

मांडवात सरबताचे पेले थांबले. लॉर्ना एमेटच्या कानाशी म्हणाली, मला वाटलं तू दिलंस. एमेट म्हणाले, मला वाटलं तू. यादीत मागणाऱ्याचं नाव फक्त वर होतं, खालच्या घरांत नव्हतं, आणि मागणारा स्वतःच्या दारात कधी गेलाच नव्हता. एमेट उठले आणि बोलू लागले. सतरा घरांचे डॉलर, सॉसेजचं जेवण, तोडलेलं झाड, मोडलेलं छप्पर, एकूण दोन हजार सहाशे एकतीस डॉलर.

“ते तुमचे खर्च झाले,” बाई म्हणाल्या. “देणगी वेगळी. बाराला आठ मिनिटं आहेत.”

एमेटनी पाकीट उघडलं. रोख होती ती केव्हाच बोटीवाल्यांसारख्यांच्या नावाने गेली होती. लॉर्नाची पर्स गाडीत होती, आणि गाडी व्यायामशाळेमागे कचऱ्याच्या डब्यांपलीकडे, कारण ध्वजस्तंभाशेजारची जागा विश्वस्तांची. जाऊन येईपर्यंत बारा दहा होणार. एमेटनी आजूबाजूला पाहिलं. सतरा कुटुंबं एकदम पेस्ट्रीच्या टेबलाकडे वळली. रूबार्बबद्दल एवढी आस्था त्या शाळेत पूर्वी कधी दिसली नव्हती.

तेव्हा मागच्या रांगेतून वॉल्ट आले. खिशातून त्यांनी चामड्याचा नाण्यांचा बटवा काढला, दोन बोटं आत घालून पाव डॉलरची चार नाणी एकेक करून मोजली आणि टेबलावर मांडली.

“घे रे. चारचौघांत असं उभं राहू नये माणसाने.”

एमेटनी सही केली. ब्रूकने पेन उघडलं. हिशेबतपासनीस विचारतो म्हणून तिने हळूच विचारलं, पैसे कोणाचे लिहू?

“माझे लिही,” वॉल्ट म्हणाले. “खरं तेच लिहावं.”

बाईंनी घंटा वाजवली. बाराला दोन मिनिटं होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, टिलिंगहास्ट उठून उभे राहिले. ते हसत होते की त्यांना तो गोवरवाला मुलगा आठवला होता, कोण जाणे.

दोन वाजता अध्यक्षांनी विश्वस्त मंडळातल्या रिकाम्या जागेची घोषणा केली. टिलिंगहास्टचा आग्रह होता, असं कळलं. शाळेला असा विश्वस्त हवा, जो स्वतःचं देऊन वर दुसऱ्याचंही देतो. मिस्टर वॉल्टर स्किबिन्स्की. एमेटनीही टाळ्या वाजवल्या. नुकसान झालेल्या अनेक माणसांकडे बघून त्यांना आजवरच्या कामात कळलं होतं, की अशा वेळी हात कुठे ठेवायचे हा मोठा प्रश्न असतो.

आता राहिला शेवटचा हिशेब. टिलिंगहास्टचे पन्नास हजार गेले, त्यातले बरेचसे करात वाचले. घरांकडून ६,२५० आले. पहिल्या वर्षाचे चार टक्के म्हणजे २,२५० डॉलर. ते बॉस्टनच्या सल्लागाराला दिले, नवोपक्रम म्हणजे काय ते ठरवून द्यायला. अहवाल यायचाय. छप्पर गळतंय. बाईंना त्यांचं बाक मिळालं: ध्वजस्तंभाजवळ, चांगलं रुंद, मेपलच्या लाकडाचं, आणि त्यावर पितळी पट्टी, ‘विश्वस्त वॉल्टर स्किबिन्स्की यांजकडून सप्रेम’. बाई संध्याकाळी तिथे बसतात. शेजारी वॉल्टची जुनी पिकअप उभी असते. पुढच्या मेमध्ये त्यांच्या वाफ्यात शतावरी दुप्पट आली. वॉल्टचे एकूण गेले दोन डॉलर.

एमेट एक डॉलर परत करायला तीनदा कुंपणाशी गेले. वॉल्टनी तीनदाही घेतला नाही. राहू दे, म्हणाले, शेजारी कशासाठी असतो.

देणगीदारांची पुस्तिका निधी जमला त्याच वर्षी नोव्हेंबरात छापून आली, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी. कर्टिसने टर्की कापायच्या आधी ती उचलली, चष्मा लावला आणि शेवटचं पान मोठ्याने वाचलं. दोन हजार सहाशे एकतीस डॉलरचा त्यात कुठे उल्लेख नव्हता. एक डॉलरवाल्यांच्या रकान्यात होतं:

‘प्राउटी कुटुंब (वॉल्टर स्किबिन्स्की यांच्या सौजन्याने).’